स्वस्तातली काच

महाग काच ती महागच, हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते याला गणती नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, कोल्हापुरात, आमच्या पेठेतच, राहत्या घराच्या तळमजल्यावर. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, ह्या दोन काचांत फरक काय हाय?" मी दोन्ही काचा उजेडाला धरते, मान थोडी तिरकी करते आणि क्षणभर काहीच बोलत नाही. त्या न बोलण्यावर आमचं निम्मं दुकान चालतं. मग सांगते, ही टिकेल, ती टिकायची नाही. हिच्यावर ओरखडा पडणार नाही, तिच्यावर पडेल. खरं म्हणजे ओरखडा दोन्हींवर पडतो. महागाच्या काचेवर पडला की माणूस दुकानात भांडायला येतं, स्वस्ताच्या काचेवर पडला की गुमान पुसून पुन्हा नाकावर चढवतं, एवढाच फरक.

अशा बाईच्या घरात बंदुकीच्या दुर्बिणीवरून महिनाभर रणकंदन चाललं होतं. सुरुवात मीच करून दिली होती.

बंदूक म्हणजे छर्‍याची. नळी मधोमध मोडायची, छर्रा घालायचा, नळी पुन्हा सरळ करायची आणि घोडा दाबायचा. ती माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडची तशी रीतच आहे. मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. गडहिंग्लजची गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली की वाटेतल्या गावांतली माणसं थांब्यावर उभी राहून त्यांच्याकडे सोयरिकी चौकशीला द्यायची. आवाज असा की घरात हळू बोलले तरी समोरच्या घरातून उत्तर यायचं. सासूबाई गेल्यावर ते जरा मवाळ होतील असं वाटलं होतं, पण आता त्यांना गप्प बसवणारं कोणी उरलं नाही, एवढंच झालं.

आमच्या गल्लीत एक तालीम आहे. खंडेनवमीला तिथे शस्त्रांची पूजा होते. तलवारी, दांडपट्टे, जुन्या पैलवानांच्या गदा ओळीने मांडतात, आणि हल्ली त्यांच्या शेजारी गल्लीतल्या फोटोग्राफरचा ड्रोनही हळदीकुंकू लावून बसवलेला असतो. पूजा झाली की तालमीच्या अंगणात नेमबाजी. एका टोकाला लाकडी ओंडका, त्यावर उभी सुपारी, मागे वाळूची पोती. दुसऱ्या टोकाला चुन्याची रेघ. रेघेवर उभं राहायचं, बंदूक हातात, टेकू कसलाही नाही. माणशी तीन छर्रे. ज्याची सुपारी उडेल त्याने दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तालमीचं निशाण धरून सगळ्यांच्या पुढे चालायचं. पैसे नाहीत, कप नाही, पण या निशाणावरून आमच्या गल्लीत सख्खे भाऊ वर्षवर्ष बोललेले नाहीत.

हे निशाण मी लग्न होऊन आले तेव्हा मामांच्या हातात होतं आणि पुढेही बरीच वर्षं त्यांच्याच हातात राहिलं. मग त्यांचे नेम चुकायला लागले. एका वर्षी एक चुकला, पुढच्या वर्षी दोन, मग तिन्ही. लोक काही बोलले नाहीत. कोल्हापुरात लोक बोलायचे थांबले की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

त्या वर्षी श्रावण संपता संपता तालमीचे अध्यक्ष घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "डायव्हरकाका, यंदा खंडेनवमीला तुमचा सत्कार करायचं ठरलंय. शाल, श्रीफळ, फेटा. तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं."

आमच्याकडे सत्कार कधी होतो हे सांगायला हवं. माणूस कामाचं असतं तोवर त्याला कोणी विचारत नाही. ते आता काही करू शकणार नाही अशी सगळ्यांची खात्री पटली की मग त्याला फेटा बांधतात. माईकवरून "आदरणीय" असा उल्लेख झाला की तो माणूस पुन्हा रेघेवर उभा राहत नाही. मामांनी स्वतः कित्येकांना अशा शाली घातल्या होत्या, त्यामुळे त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"सत्कार करून घ्याय मी काय मेलोय व्हय?" ते म्हणाले. "रेघंवर उभा राहणार मी. फेटा तुम्ही बांधा."

अध्यक्ष हसले. पेढे ठेवून गेले. मामांनी पेढ्यांना हात लावला नाही, आणि पेढ्याला नाही म्हणणारे मामा मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांना सुपारीचं किंवा निशाणाचंही तेवढं पडलं नव्हतं. त्यांना फक्त खुर्चीवर बसायचं नव्हतं. मला त्यांची कणव आली, आणि कणव आली की मला सल्ला सुचतो. सल्ला हा माझा धंदाच आहे.

मी निदान केलं: डोळे. नळीच्या टोकावर नेम धरायला लोखंडाचा एक बारका दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. माशी आणि सुपारी एका रेषेत आणायची असते. तरुण डोळा दोन्हींमध्ये इतक्या झपाट्याने ये-जा करतो की दोन्ही एकदमच दिसतात असं वाटतं. मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, चष्मा मीच दिला होता. त्यात लांबचं लख्ख दिसायचं, पण माशी पुसट. मी त्यांना म्हटलं, "मामा, बंदुकीवर दुर्बीण बसवू. माशीची भानगडच नाही. काचेतच अधिकचं चिन्ह असतं, ते सुपारीवर आणायचं की झालं." तालमीच्या नियमांत दुर्बिणीला मनाई नव्हती. नियम करणाऱ्यांना असलं काही सुचलंच नव्हतं.

मामांचा चेहरा असा काही उजळला की मला माझाच अभिमान वाटला.

आमचे हे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. बिद्रीकडे रोज मोटरसायकलने जाऊन येऊन असतात. उसाच्या रसात साखर किती हे तपासण्यात हयात गेल्यामुळे त्यांचा कुठल्याच वस्तूच्या वरच्या रूपावर विश्वास नाही, किंमत मात्र ते वरवर बघतात. त्यांनी मोबाईलवर सगळ्यांत स्वस्त दुर्बीण शोधली आणि मला न विचारता मागवली. ती आली तेव्हा खोक्यावरची अक्षरं फिकट छापलेली, कापड पुसायला दिलेलं ते चहा गाळायच्या लायकीचं. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून बंदुकीवर पट्टी बसवून आणली आणि गच्चीवर मुहूर्त केला. रिकाम्या तेलाच्या डब्यावर सुपारी ठेवली. मामांनी बंदूक खांद्याला लावली, डोळा काचेला नेला आणि बराच वेळ नळी इकडेतिकडे सरकवत राहिले.

मग म्हणाले, "हालतंय की."

"काय हलतंय, मामा?"

"ते अधिकचं चिन्न. ढिलं हाय आत. सुपारीवर थांबंनाच झालंय."

यांनी बंदूक घेतली, काचेतून पाहिलं. यांनी आयुष्यात नेम कधी धरलेला नाही. म्हणाले, "हां, हलतंय खरं." मग मी पाहिलं. मलाही हलताना दिसलं. समोरच्या गच्चीवरून वाळवण काढायला आलेल्या शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, त्यांनाही दिसलं. सगळ्यांनी एकमताने ठराव केला की स्वस्तातली वस्तू, दुसरं काय होणार. मी तर सर्वांत मोठ्याने म्हटलं. दुकानाच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

ही बातमी पुण्याला माझ्या धाकट्या दिरांकडे पोचली. भावजी संगणकातले. त्यांचा स्वभाव असा की दोनशे माणसांचा अभिप्राय वाचल्याशिवाय ते टूथब्रश घेत नाहीत. फोनवर म्हणाले, "वहिनी, तुम्ही काचेच्या धंद्यात असून असली वस्तू घेऊ कशी दिलीत?" आणि आठवड्याच्या आत त्यांची दुर्बीण आली. परदेशी. खोकं उघडलं तर आत मखमलीसारखा फोम, त्यात ती दागिन्यासारखी निजलेली. मोठं करून दाखवायची ताकद पहिलीच्या कितीतरी पट, आणि सोबत जाडजूड पुस्तिका.

तिथून कोल्हापूर सुरू झालं. आमच्याकडे ईर्षा नावाचा एक रोग आहे, तो पाण्यातून पसरतो असं माझं मत आहे. दोन म्हशी असल्या तरी त्यांच्यात कोणती देखणी यावरून इथे दोन पार्ट्या पडतात. गल्लीत महागवाले आणि स्वस्तवाले असे दोन तट पडले. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळच्या सुविचारांच्या जागी दुर्बिणींचे फोटो यायला लागले. जी आधी बिघडेल तिच्या पार्टीने गल्लीला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण द्यायचं, अशी पैज लागली. ज्या दुर्बिणीतून मामांना नेम धरायचा होता तिच्यातून आता नेम धरण्याचा विषयच मागे पडला. ती टिकते किती, हेच बघायचं.

परीक्षा घेण्याचं काम अर्थातच आमच्या ह्यांनी उचललं. दोन्ही दुर्बिणी फडक्यात गुंडाळून मोटरसायकलच्या डिकीत टाकल्या आणि पावसाने उखडलेल्या रस्त्याने बिद्रीला नेऊन आणल्या. कागलच्या एका पाहुण्यांच्या ट्रॅक्टरला बांधून रान नांगरलं. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या, तिथून काढून गरम पाण्याच्या बादलीत घातल्या, का तर आत वाफ धरते का बघायचं. माझ्या बर्फाच्या कप्प्यात मटार आणि मध्ये दुर्बिणी, अशी शोभा मी आठवडाभर सोसली. माळ्यावरून तांदळाच्या पोत्यावर टाकल्या. प्रत्येक परीक्षेनंतर हे दोन्हींतून पाण्याच्या टाकीकडे बघायचे आणि निकाल ग्रुपवर टाकायचे: "दोन्ही पास." महागवाले म्हणायचे, बघा टिकली. स्वस्तवाले म्हणायचे, आमचीपण टिकली, मग जास्तीचे पैसे कशाचे? मला हा प्रश्न दुकानात रोज ऐकावा लागतो आणि तो मला कधीच आवडलेला नाही.

या सगळ्यात मामा रोज सकाळी गच्चीवर जायचे. महाग दुर्बीण बसवली, काचेला डोळा लावला आणि म्हणाले, "ही तर जास्त हालाय लागलीया."

कोणी विश्वास ठेवला नाही. महागवाल्यांना तो विरोधकांचा प्रचार वाटला. पण मामा तिच्यातूनच छर्रे मारत राहिले, नेम डब्याच्या आसपासही जाईना, आणि एके सकाळी नेम धरता धरता त्यांनी बंदूक खाली घेऊन हलवली. आत वाटाण्यासारखं काहीतरी खुळखुळलं. मी काचेतून पाहिलं तर अधिकचं चिन्ह तिरकं होऊन गुणिलेचं झालं होतं.

"म्या म्हटलं नव्हतं?" मामा असे गरजले की खाली रस्त्यावरचा भाजीवाला वर बघायला लागला. "काचंतच खोट हाय!"

भावजींनी दिलेली पुस्तिका तोवर कोणी उघडलीही नव्हती. मी दुकानात नेऊन वाचली. अगदी बारीक अक्षरांत, माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणालाही वाचता आली नसती अशा अक्षरांत, लिहिलं होतं की ही दुर्बीण खऱ्या रायफलींसाठी आहे, स्प्रिंगच्या छर्रा-बंदुकीवर लावल्यास हमी लागू नाही. कारणही होतं. खरी रायफल फक्त मागे धक्का देते. आमच्या असल्या बंदुकीत स्प्रिंग सुटली की आधी मागे धक्का बसतो आणि लगेच पुढे. महागाची दुर्बीण मागच्या धक्क्याची तयारी करून बसलेली, पुढचा तिला कोणी सांगितलेलाच नाही. मग स्वस्ताचं खोकं शोधून काढलं. फिकट अक्षरांत, व्याकरणाची पार वाट लावून, छर्‍याच्या बंदुकीसाठीच बनवली आहे असं तिच्यावर छापलेलं होतं.

हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांना क्षणात पटलं. "गाडीत तसंच की. बिरेक मारला की माणूस पुढं जातंय, त्याची सवय असती, दांडी धरून असतंय. मागनं धडक बसली की दात पडत्यात."

स्वस्तवाले जिंकले. रश्श्याचं जेवण झालं, महागवाल्यांनीच वाढलं. भावजींनी पुण्याहून पैसे पाठवले आणि वर एक दुःखी चेहऱ्याचं चित्रही. मी चार वाट्या पांढरा रस्सा पिऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना पुन्हा महाग काच दाखवायला लागले.

आता स्वस्ताची दुर्बीण पुन्हा बंदुकीवर चढली. खंडेनवमी आठवड्यावर आलेली. मामा गच्चीवर गेले आणि खाली येऊन तडक जेवायला बसले. मी विचारलं तर म्हणाले, "हालतंयच."

मला हे पटेना. जी ट्रॅक्टरवर टिकली, बर्फात टिकली, जिच्या टिकण्यावर पन्नास माणसं जेवली, ती आता अशी कशी ढिली होईल? दुपारी दुकान बंद असताना मी बंदूक घेऊन गच्चीवर गेले. तांदळाची दोन पोती एकावर एक ठेवली, त्यांच्यात बंदूक घट्ट रुतवली, हात काढून घेतले आणि काचेतून पाहिलं. टाकीवर एक खिळा आहे. अधिकचं चिन्ह खिळ्यावर होतं आणि तिथेच राहिलं. मी पोत्याला धक्का देऊन पाहिला. टाकी आणि खिळा डोलले, चिन्ह मात्र काचेच्या मधोमध होतं तिथेच राहिलं. काच चांगली होती. पहिल्या दिवसापासून चांगली होती. आम्हा सगळ्यांना हलताना दिसलं ते आमचे अनाडी हात हलत होते म्हणून, आणि आम्ही त्याचा ठराव करून मोकळे झालो होतो.

पण मामांचे हात अनाडी नव्हते. मी लग्न होऊन आले तेव्हा हा माणूस पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या एका हातात घेऊन जिना चढायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेम धरत असताना मी पहिल्यांदाच काचेकडे न बघता नळीच्या टोकाकडे पाहिलं. ते टोक थरथरत होतं. थोडं नाही, चांगलंच. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली ते चहा अर्धाच कप मागायचे, बशीत ओतायचं कधीच सोडलं होतं. बटणांचे शर्ट टाकून गळ्यातून घालायचे सदरे घ्यायला लागले होते. सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही म्हणायचे. हे सगळं मी पाहिलं होतं आणि सगळ्याला मी डोळे हेच कारण लावलं होतं, कारण डोळ्यांचं मला कळतं. नुसत्या माशीवरून नेम धरताना हात किती हलतो ते दिसत नाही. मी दिलेल्या दुर्बिणीने ते मोठं करून दाखवलं, आणि महागाच्या दुर्बिणीने आणखी मोठं करून. मला स्वतःचा इतका राग आला की मी उगीचच यांच्यावर ओरडले.

सांगावं तर काय सांगायचं? मामा, काचेत खोट नाही, तुमच्या हातात आहे? खंडेनवमीच्या आधी चार दिवस? रेघेवर उभं राहायचं त्यांनी सगळ्या गल्लीसमोर सांगून ठेवलेलं. मी नाही बोलले. उलट सगळ्यांसमोर म्हटलं, "मामांचं बरोबर आहे. काचेतच दोष आहे, माझ्या लक्षात आला." चष्म्याच्या दुकानदारणीने सांगितल्यावर प्रश्न मिटला. स्वस्तवाल्यांचे चेहरे पडले, महागवाल्यांनी रश्श्याचे पैसे परत मागितले. "दुसरी मागवू का?" मी मामांना विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "नगं. हाय ती ऱ्हाऊ दे."

खंडेनवमीला तालमीचं अंगण भरलं होतं. अध्यक्षांनी शाल आणि फेटा आणून ठेवलाच होता, हे मी पाहिलं. मामांच्या आधी सातआठ जण होऊन गेले, सुपारी जागची हलली नाही. मग मामा रेघेवर आले. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला पूजेचं कुंकू. महागवाले गप्प, स्वस्तवाले शिट्ट्या मारत होते.

पहिला छर्रा पोत्यात गेला. दुसरा कुठे गेला ते कळलंच नाही. मामांनी बंदूक खाली घेतली, सदऱ्याच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि सगळ्या गल्लीसमोर दुर्बीण सोडवायला लागले. स्क्रू लवकर निघेना. कोणीतरी मदतीला पुढे झालं, त्याला त्यांनी नुसतं बघून मागे पाठवलं. सोडवलेली दुर्बीण माझ्या हातात दिली, परत रेघेवर गेले, बंदूक उचलली आणि नेम धरत न बसता, ती खांद्याला लागते न लागते तोच, घोडा दाबला.

सुपारी पडली.

असा कल्ला झाला की तालमीवरची कबुतरं उडाली. हलगीवाल्याने हलगी धरली. अध्यक्ष माईकवर ओरडले, "आदरणीय डायव्हरकाका!" निशाण आणायला माणसं आत पळाली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

मामा ओंडक्यापाशी गेले. वाकून पाहिलं. मग हात वर करून हलगी थांबवली.

"लागली न्हाय," ते म्हणाले.

"पडली की, काका!"

"पडली. पर लागली न्हाय. छर्रा ओंडक्यात घुसलाय, हे बघा. दणक्यानं पडली." आणि ते माईक नसताना सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुपारीला छर्रा लागला पायजे, हा नियम कुणी केला? म्याच केला न्हवं?"

कोणी म्हणालं चालतंय, कोणी म्हणालं एवढं कोण बघतंय, अध्यक्ष तर म्हणाले मंडळाचा निर्णय अंतिम असतो. मामांनी ऐकलं नाही. त्यांनी ओंडक्यात रुतलेला छर्रा स्क्रू-ड्रायव्हरने काढून अध्यक्षांच्या तळहातावर ठेवला. अध्यक्षांनी माईक खाली ठेवला. निशाण त्या वर्षी गल्लीतल्या एका रिक्षावाल्याकडे गेलं, त्याने तिसऱ्या छर्‍याला सुपारीचे दोन तुकडे केले. मामांनी त्याची पाठ थोपटली. फेटाही बांधून घेतला, शालही घेतली, आणि फोटोसाठी दोनदा उभे राहिले.

घरी येताना मी त्यांच्याबरोबर चालत होते. बंदूक त्यांच्या खांद्याला, दुर्बीण माझ्या पिशवीत. आमचे हे मागे तालमीत वाद घालत थांबले होते. कोपऱ्यावर मामा थांबले.

"पोरी, त्या दिवशी दुपारी तू पोत्यावर बंदूक ठीवून बघत हुतीस, तवा मी जिन्यात हुतो."

मी विचारलं, "मग काही म्हणाला नाहीत ते?"

"तू काय म्हणतीस ते ऐकायचं हुतं. तू काचंलाच खोट काढलीस. काचवाली असून." ते हसले, पण नेहमीसारखं मोठ्याने नाही. "आता समद्या गल्लीला सांगून टाक, काच चांगली हाय म्हणून. उगंच त्या बिचारीची बदनामी झाली."

मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. त्यांनी शालीचं टोक माझ्या हातात दिलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, गिऱ्हाईक काच बघतं तसे उजेडात बघितले, आणि म्हणाले, "आणि ह्या हातांच्या डाक्टरकडं कवा नेतीस, ते सांग."